इतिहास दालनातील रेडिओ आणि त्याखालची पाटी

आमच्या निवासी शाळेच्या इतिहास दालनात, खिडकीच्या डाव्या हातास, लाकडी पेटीचा एक व्हॉल्व्हचा रेडिओ ठेवलेला आहे. गेल्या काही वर्षांत शाळेत येऊन गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी तो पाहिला असेल. त्याखाली पूर्वी एक पाटी होती. ‘६ डिसेंबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची वार्ता ज्यावर ऐकली गेली तो रेडिओ’ असा तीवरील मजकूर होता. ती पाटी आम्हीच लिहिली होती. अनेकांनी या रेडिओसमोर हात जोडले, काहींनी फुले वाहिली, एका मातेने आपल्या लेकराचा हात धरून त्या लाकडावर ठेवविला. आता ती पाटी तेथे नाही. ती का काढली, अशी विचारणा पुष्कळांनी केली आणि काहींच्या विचारण्यात नाराजीही होती. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर सविस्तर द्यावे, आणि जुना रेडिओ विकत घेऊन चालू करू इच्छिणाऱ्यांच्या कामास येतील अशा चार गोष्टीही सांगाव्यात, असा दुहेरी हेतू या लेखामागे आहे.

लातूरची गंजगोलाई आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. तेथे येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्याच्या आतल्या अंगास जुन्या सामानाचे एक दुकान आहे. दालनासाठी निजामकालीन वजने-मापे मिळाली तर पाहावीत म्हणून आम्ही विज्ञानाच्या सहकारी शिक्षकांसह तेथे गेलो होतो. शेर-पायली मिळाल्या नाहीत. शिलाई यंत्राच्या लोखंडी पायांमागे हा रेडिओ दिसला. दुकानदाराने आमच्या खिशाला लावलेला निळा बिल्ला पाहिला आणि म्हणाला, “गुरुजी, ह्याच्यावर तुमच्या बाबासाहेबांची बातमी ऐकल्याली हाय लोकांनी. चावडीवरचा रेडिओ हाय.” त्यातील ‘तुमच्या’ हा शब्द आम्हांस खटकला, परंतु उरलेल्या वाक्याने आम्ही विरघळलो. साडेतीन हजारांपासून सुरू झालेली बोलणी बावीसशेवर थांबली. ज्याने इतिहासात एम.ए. केले आहे आणि जो वर्गात दरवर्षी ‘साधनांची चिकित्सा’ हा पाठ शिकवितो, त्याने चिकित्सेचा एकही प्रश्न न विचारता पैसे मोजले, हे येथे नमूद करणे आम्हांस भाग आहे.

दुकानदाराने त्याहून मोठी चूक केली, आणि आम्ही ती कौतुकाने पाहिली. “लावून दाखवतो” म्हणून त्याने तारेची दोन टोके थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचली. डायलमागचा दिवा लागला, अर्ध्या मिनिटाने घूऽऽ असा जाड आवाज आला, थोडा डांबरासारखा वास आला. आम्ही आनंदलो. ती दोन मिनिटे रेडिओच्या जिवावर बेतली असती, हे पुढे कळले. तेव्हा पहिली सूचना हीच : जुना व्हॉल्व्हचा रेडिओ विकत घेताना तो चालवून पाहू नये. घेण्यापूर्वी पाहावयाचे ते डोळ्यांनी पाहावे. मागील पुठ्ठा काढून सर्व व्हॉल्व्ह जागेवर आहेत का, ट्रान्सफॉर्मर जळून काळवंडलेला तर नाही, स्पीकरचा कागद उंदरांनी कुरतडला आहे का आणि लाकडास वाळवी लागली आहे का, एवढे बघावे. सर्वांत महत्त्वाची म्हणजे डायलची काच. व्हॉल्व्ह आजही शोधल्यास मिळतो; फुटलेली डायलची काच मिळत नाही. आमच्या रेडिओची काच सुदैवाने शाबूत होती. तिच्यावर मुंबई, दिल्ली, हैदराबाद, कोलंबो, लंडन अशी नावे इंग्रजीत छापलेली आहेत. नांदेड नाही, लातूर नाही. कंपनीचे पितळी नाव मात्र कोणी तरी काढून नेले आहे. दोन भोके तेवढी राहिली आहेत. कोणी मर्फी म्हणतात, कोणी बुश. आम्ही काही म्हणत नाही.

नांदेडच्या इतवारा भागात एक वयोवृद्ध कारागीर अद्याप व्हॉल्व्हचे काम करतात. आम्ही लातुरात रेडिओ चालवून पाहिला हे ऐकताच त्यांनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी भिंतीवरची लाकडी फळी काढली. तिच्यावर शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब बसविलेला होता. यास ते सीरिज बोर्ड म्हणतात. रेडिओकडे जाणारी वीज प्रथम या बल्बातून जाते. रेडिओच्या पोटात कोठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहतो आणि सर्व भार स्वतःवर घेतो. तसे नसेल तर तो क्षणभर उजळून मंदावतो. थोडक्या पैशांच्या सामानाची ही युक्ती हजारोंचे नुकसान टाळते. बल्ब मात्र तारेचाच हवा, एलईडीचा चालत नाही. आमचा बल्ब मंदावलाच नाही.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्यास सांगावे लागते. निर्वात काचनळीत एक तापविलेला धातूचा भाग असतो, तो कॅथोड. त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि भोवतालच्या धन पट्टीकडे, म्हणजे ॲनोडकडे, धाव घेतात. दोहोंच्या मध्ये तारेची एक बारीक जाळी असते, ती ग्रिड. जाळीवरील विद्युतदाब किंचित बदलला की पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह बदलतो. दुर्बळ लहरीचा बलवान आवाज होतो तो या जाळीच्या जोरावर. आमच्या संचात असे पाच व्हॉल्व्ह आणि एक मॅजिक आय आहे. मॅजिक आय म्हणजे केंद्र नेमके लागले की हिरवी पाकळी मिटणारा व्हॉल्व्ह. मुलांस तोच अधिक आवडतो. पहिला व्हॉल्व्ह ईसीएच ८१. आकाशवाणीचे परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर आहे. ते लावले की हा व्हॉल्व्ह स्वतः १७६० किलोहर्ट्झची लहर निर्माण करतो, आणि दोहोंच्या वजाबाकीतून ४५५ किलोहर्ट्झ उरतात. कोणतेही केंद्र लावा, वजाबाकी तीच येते, आणि पुढील व्हॉल्व्हना एकाच लहरीची सवय ठेवून काम करता येते. शेवटचा व्हॉल्व्ह ईएल ८४. तो स्पीकर हलवितो, आणि खरे दुखणे तेथेच होते.

त्याच्या जाळीवर विद्युतदाब जवळजवळ शून्य असावयास हवा. बल्ब मध्ये ठेवूनही मीटरने अठरा व्होल्ट दाखविले. आधीच्या व्हॉल्व्हकडून केवळ आवाज पुढे यावा आणि उच्च दाब अडून राहावा, म्हणून मध्ये मेणकागदाचा एक कंडेन्सर असतो. साठ वर्षांत त्या कागदाने ओल धरली होती आणि दाब झिरपू लागला होता. त्यामुळे ईएल ८४ मधून मर्यादेबाहेर प्रवाह जात होता. आणखी काही मिनिटे तसेच चालले असते तर व्हॉल्व्ह आणि स्पीकरचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही गेले असते. लातूरचा तो वास याचाच होता. बदलीचा नवा कंडेन्सर एका चहाच्या किमतीचा. कारागिरांनी मेणकागदाचे सर्व कंडेन्सर बदलले, घूऽऽ आवाजास कारण असलेले मोठे फिल्टर कंडेन्सर बदलले, रबर कडक होऊन तडकलेली तार बदलली आणि विजेचा टप्पा २३० वरून २५० व्होल्टवर नेला, कारण रात्री आमच्याकडील वीज चढते. विद्यार्थ्यांस त्यांनी जवळ येऊ दिले नाही. बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्ट दबा धरून बसतात. उघड्या रेडिओत हात घालणाऱ्याने दुसरा हात खिशात ठेवावा, हा त्यांचा दंडक आहे.

आम्ही एकच अट घातली होती. काढलेला प्रत्येक भाग फेकावयाचा नाही. तो कोठून काढला ते चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवावयाचा. जुन्या वस्तूची दुरुस्ती म्हणजे पुराव्यात हात घालणे आहे, एवढे भान तरी आम्हांस तेव्हा होते. त्या डब्यानेच आमची पाटी खोटी पाडली.

चिठ्ठ्या लिहिताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ह्याच्यावर ६१ का लिहिलंय?” मोठ्या फिल्टर कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या नळीवर तो आकडा ठोकलेला होता. आम्ही तिला म्हणालो, हा भाग नंतर बदललेला असेल. हे उत्तर शक्य होते आणि सोयीचेही होते. पण कारागिरांनी मान हलविली. त्या जागचे सोल्डर कारखान्याचे होते, त्यावर खुणेचा लाल रंग तसाच होता. मग स्पीकरच्या लोखंडी चौकटीवर साल शोधले. तेथे १९६० चा शिक्का निघाला. ईएल ८४ हा व्हॉल्व्ह १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात आलेला, त्यामुळे केवळ व्हॉल्व्हवरून काही ठरत नव्हते. परंतु मागील पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस टाचलेली रेडिओ परवान्याची पुस्तिका सापडली. त्या काळी रेडिओ बाळगण्यास टपाल कार्यालयाचा परवाना लागे, दरवर्षी शुल्काची तिकिटे चिकटवून घ्यावी लागत. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. या पुस्तिकेवरील पहिला शिक्का १९६२ चा आहे. गाव उदगीर, जिल्हा उस्मानाबाद. उदगीर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेनंतर ते उस्मानाबादेत आले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर लातुरात. म्हणजे कागद सरळ बोलत होता. हा रेडिओ चावडीचा नव्हता, उदगीरच्या एका घरातला होता, आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या वेळी तो अस्तित्वातच नव्हता.

हे कळल्यावरही पाटी आम्ही तीन महिने काढली नाही. कोणी विचारत नव्हते. लोक फुले वाहत होते. परिपाठात आम्ही मुलांना कालाम सुत्त समजावून सांगतो, ऐकीव आहे म्हणून मानू नका असे सांगतो, आणि शेजारच्या दालनात ऐकीव गोष्ट आमच्याच अक्षरात लिहून ठेवलेली होती. शेवटी आकडा दाखविणाऱ्या त्याच विद्यार्थिनीने पाटीकडे पाहून काही न बोलता खाली मान घातली, त्या दिवशी ती काढली.

ज्यांस वाईट वाटले त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. आपल्या भागात रेडिओ आला तो निजाम राजवटीत. १९३५ पासून हैदराबादचे केंद्र निजाम सरकारच्या ताब्यात होते. ते डेक्कन रेडिओ म्हणून ओळखले जाई, आणि तत्कालीन औरंगाबादेतही एक केंद्र होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी युद्धबंदीची घोषणा निजामाने याच रेडिओवरून केली. १ एप्रिल १९५० रोजी ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीत आली. बाबासाहेबांचे स्वतःचे भाषण आकाशवाणीवरून ३ ऑक्टोबर १९५४ रोजी प्रक्षेपित झाले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नसून तथागत बुद्धांच्या शिकवणीतून घेतली, हा त्यातील आशय आपल्या परिचयाचा आहे. मे १९५६ मध्ये बीबीसीवरूनही त्यांचे बौद्ध धम्मावरील भाषण झाले. परंतु ही भाषणे इंग्रजीत होती, आणि मराठवाड्यातील आमच्या वस्त्यांत रेडिओ नव्हता. १९५६ च्या आरंभी पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने आसपासच्या पाच जिल्ह्यांत गावोगाव शेतकऱ्यांची रेडिओ श्रोता मंडळे चालविली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तो प्रयोग आपल्यापर्यंत आला नाही. आपल्या जवळचे परभणी केंद्र १९६८ चे आणि नांदेडचे १९९१ चे. तेव्हा बाबासाहेबांची बातमी आपल्या आजोबा-पणजोबांनी रेडिओवर ऐकली असेल, तर ती कोठे उभे राहून ऐकली, हा प्रश्न रेडिओच्या वयापेक्षा मोलाचा आहे.

त्याचे उत्तर मुखेड तालुक्यातील एका आजोबांकडून मिळाले. ते आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे चुलत आजोबा. वय ऐंशीच्या पुढे. रेडिओ पाहावयास म्हणून नातू त्यांना घेऊन आला होता. आम्ही त्यांना पाटीची सारी हकिकत सांगितली. ते हसले. “गुरुजी, छप्पन सालाला आमच्या गावात लाईट कुठली व्हती? लाईट आली बहात्तरच्या दुष्काळाच्या टायमाला. चावडीवरचा रेडिओ ब्याटरीवरचा व्हता. ही एवढी थोरली ब्याटरी.” त्यांनी दोन्ही हातांनी विटेएवढा आकार दाखविला. आमच्या सहकाऱ्यांच्या लगेच ध्यानात आले : वीज नसलेल्या गावांसाठी वेगळे संच असत, नव्वद व्होल्टची मोठी कोरडी बॅटरी आणि दीड व्होल्टची दुसरी, यांवर चालणारे. आमचा संच केवळ विजेच्या तारेवर चालतो. हा एक प्रश्न लातूरच्या दुकानात विचारला असता तरी पुरे होता.

“मग बातमी तुम्ही ऐकली?”

“ऐकली की. रेडिओ माळवदाच्या आत फळीवर. आमी रस्त्याच्या अलीकडं, निंबाखाली उभं. आत जायचं नसतंय. आतल्या माणसानं बाहीर येऊन सांगितलं, तुमचा बाबा गेला म्हणून. तवा आमाला आवाज येत व्हता पर शबुद कळत नव्हता.”

म्हणजे त्यांनी बातमी रेडिओवरून ऐकली, असे म्हणता येते; आणि ऐकली नाही, असेही म्हणता येते. आमच्या पाटीत या दोहोंपैकी काहीच नव्हते.

यानंतर आजोबा रेडिओच्या डाव्या अंगास गेले आणि थबकले. येथे आम्हांस आमची दुसरी चूक सांगावी लागत आहे. लाकडाच्या डाव्या बाजूस तळहाताएवढा जळका डाग होता. दिवा-चिमणीचा असेल असे समजून आम्ही सुट्टीच्या दिवशी काचकागद घेऊन तो घासावयास बसलो होतो. संपूर्ण पेटी घासून तिला चपड्याचे, म्हणजे लाखेचे, स्पिरीट पॉलिश द्यावे असा बेत होता. निम्मा डाग निघाला आणि जेवणाची घंटा झाली म्हणून काम राहिले. घासण्यापूर्वी छायाचित्र काढले नाही. लातूरच्या दुकानात काढलेले आहे, पण ते समोरून.

आजोबांनी उरलेल्या डागावर बोट फिरविले. त्यांच्या गावात वीज आल्यावर वस्तीतील एका शिक्षकाने उदगीरहून जुना रेडिओ विकत आणला होता. वस्तीतला तो पहिला रेडिओ. चौदा एप्रिलला, सहा डिसेंबरला सगळी वस्ती त्या घरात बसे. आत बसे, हे त्यांनी दोनदा सांगितले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, ती बातमीही तेथेच ऐकली. पुढे मराठवाड्यात वस्त्यांवर जे हल्ले झाले त्यांची नांदेड जिल्ह्यास किती झळ बसली, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. कित्येकांच्या घरातच ती स्मृती आहे. त्या शिक्षकाचे छप्पर पेटले. आधी लेकरे बाहेर काढली, मग धान्याचे पोते, मग रेडिओ. तो गोधडीत गुंडाळून शेतात नेला. एका अंगाने तो जळाला होता. पुढे ते कुटुंब गाव सोडून गेले.

“हाच का तो?” आम्ही विचारले.

आजोबा बराच वेळ पाहत राहिले. “असाच व्हता. ह्याच अंगाला जळाल्याला. पर ह्योच म्हणून कसं सांगू? तवा डाग मोठा व्हता.”

डाग मोठा होता. तो आम्ही लहान केला. ज्या एका खुणेवरून ओळख पटली असती ती आमच्या हाताने निम्मी पुसली गेली, आणि ती चकाकीसाठी पुसली गेली. उदगीरचा परवाना आणि उदगीरहून आणलेला जुना रेडिओ, हा मेळ बसतो; पण उदगीरच्या बाजारात असे रेडिओ कितीतरी विकले गेले असतील. एवढ्यावर नवी पाटी लिहिणे म्हणजे जुनीच चूक नव्या तारखेने करणे होईल. तूर्त रेडिओखाली कागदावर इतकेच लिहिले आहे : संच १९६०–६१ च्या सुमाराचा, परवाना उदगीर, १९६२ पासून, डाव्या बाजूस जळाल्याची खूण, कारण अनिश्चित, त्यातील निम्मी खूण शाळेत घासली गेली. पॉलिशचे काम थांबविले आहे. काचकागदाचे ओरखडे तसेच ठेवले आहेत.

रेडिओ चालतो. खिडकीबाहेर बारा-पंधरा फूट तांब्याची तार बांधली आहे; रात्री आठनंतर मध्यम लहरींवर दूरची केंद्रेही लागतात. मॅजिक आयचा हिरवा उजेड वापराने मंदावत जातो आणि तो व्हॉल्व्ह सहज मिळत नाही, म्हणून रविवारीच लावतो. त्या दिवशी आजोबांसाठी परभणी लावले. त्यांना आम्ही खुर्ची दिली, ती ओढून ते रेडिओला अगदी खेटून बसले, हात पेटीवर ठेवला आणि थोड्या वेळाने म्हणाले, “गरम व्हतंय की हो हे.” व्हॉल्व्हचा संच गरम होतोच. त्याच्या पाठीमागे भिंतीपासून चार बोटे जागा सोडावी आणि वर कापड झाकू नये.

माजी विद्यार्थ्यांस एक विनंती आहे. उदगीर किंवा मुखेडकडील आपल्या नातलगांच्या घरी १९७० नंतरची जुनी छायाचित्रे असतील, लग्नाची, जयंतीची, कोणाच्या निरोपाची. त्या काळी लोक रेडिओजवळ उभे राहून फोटो काढून घेत. माणसांच्या मागे फळीवर असा संच दिसत असेल आणि त्याची डावी बाजू दिसत असेल, तर त्या छायाचित्राची प्रत शाळेकडे पाठवावी.